तुळसाकाकी आणि राजापूरची चाकं

नेवऱ्याला आमची खानावळ आहे. गणपतीपुळ्याला निघालेली माणसं आधी आरे-वारेला उतरून फोटो काढतात, पाय भिजवतात आणि भूक लागली की पुढे आमच्याकडे येतात. त्यांच्या ताटात जो बांगडा नाहीतर सौंदाळा पडतो, तो काळबादेवीच्या तुळसाकाकीने आणलेला असतो. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे लिलाव होतो, तिथून ती मासे आणि बर्फ गाडीत भरते आणि किनाऱ्याच्या रस्त्याने वाटेतल्या खानावळींना देत देत येते. गाडी ती स्वतः चालवते. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि शेजारच्या सीटवर तिचा नवरा, सदूकाका. मुलगा सुनेला घेऊन मुंबईला गेला, तेव्हापासून घरात दोघंच.

मी लग्न होऊन राजापूरहून इथे आले तेव्हा गाडी सदूकाका चालवायचे आणि काकी शेजारी बसायची. मग काकांची शुगर वाढली आणि डोळे हळूहळू मंद होत गेले. एकदा वळणावर समोरून आलेली म्हैस त्यांना दिसलीच नाही. म्हैस वाचली, तेही वाचले, पण घरी येऊन त्यांनी किल्ली देवासमोर ठेवली आणि म्हणाले, "विकूया गाडी. आता माझ्यानं नाय व्हायचं."

काकीने किल्ली उचलली. "विकायची कशाला? मला शिकवा."

"या वयात?"

"मग काय, लहान होऊन येऊ परत?"

काळबादेवीच्या वर सडा आहे. नुसता कातळ, झाड नाही की कुंपण नाही. तिथे त्यांची शिकवणी सुरू झाली. काकांना समोरचं फारसं दिसत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून ते सांगायचे. "क्लच सोड. सावकाश. अगो, तो काय बैल हाय, एवढा हिसडा देतेस?" खाली गावात त्यांचं बोलणं ऐकू जायचं म्हणतात. परीक्षेत काकी पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास झाली आणि त्या दिवशी तिने सबंध आळीत पेढे वाटले. काही बायका तोंडावर पदर धरून हसल्या. काकी म्हणाली, "हसा गो. उद्या बाजाराला जायला माझ्याच गाडीत बसाल." आणि तसंच झालं.

तिच्यावर माझा जीव जडला तो एका वेगळ्याच दिवशी. आमच्याकडे एका साखरपुड्याचं जेवण होतं. सकाळपासून वारा होता आणि आरे-वारेच्या चढावर भलंमोठं झाड आडवं पडून रस्ता बंद झाला. मी पाहुण्यांना काय वाढायचं या विचाराने रडकुंडीला आले होते. तेवढ्यात दारात काकी उभी. डोक्यावर सुरमईची पाटी, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. झाडाच्या पलीकडे गाडी लावून, फांद्यांतून वाट काढून ती चालत आली होती. दुसरी पाटी आणायला ती परत निघाली तेव्हा मी म्हटलं, "काकी, राहू दे, एवढ्यात भागवते." तर म्हणाली, "शब्द दिलाय तेवढे मासे यायला हवेत." आणि गेलीसुद्धा.

मासळीच्या गाडीला खारं पाणी खातं. बर्फ वितळतो, पाणी मागच्या हौद्यातून खाली झिरपतं आणि पत्रा आतून पोकळ होत जातो. काकीच्या जुन्या पिकअपचं तेच झालं. शेवटी ती भंगारात गेली आणि गेल्या वर्षी काकीने दुसरी घेतली. वापरलेलीच, पण अलीकडच्या बनावटीची, चांगल्या बांध्याची. फक्त टायर झिजत आले होते. रिकामी गाडी चालवायला हरकत नव्हती, पण बर्फ भरून पावसाळ्यात आरे-वारेचा घाट चढायचा म्हणजे ते बदलायलाच हवे होते.

मला लगेच माझ्या भावाची आठवण झाली. गौरवचा राजापूरला काजूचा धंदा आहे. त्याने आपली जुनी पिकअप मोडीत काढली होती, पण तिची चाकं ठेवली होती, कारण टायर नुकतेच घातलेले होते. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "घेऊन जा म्हणावं काकींना. कंपनी तीच आहे, पाच बोल्ट आहेत, बसतीलच."

मी हे मोठ्या आनंदाने काकीला सांगितलं. तिलाही आनंद झाला, पण ती लगेच निघाली नाही. दुसऱ्या दिवशी मासे देऊन झाल्यावर तिने आमच्याच अंगणात गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक काढलं आणि मासळीच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण उघड्या बोल्टांवर दाबलं. झाकणात पाच भोकं उमटली. मधल्या गोल भागाचाही वळ उठला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पाच बोल्ट सगळ्यांनाच असतात. किती लांब लांब हायत ते बगायला नको?" तिने ते झाकण वर्तमानपत्रात गुंडाळून सीटमागे ठेवलं.

पुढच्या सोमवारी आम्ही तिघं निघालो. काकी, सदूकाका आणि मी. मला माहेर भेटणार होतं, त्यामुळे मी खुशीत होते. गाडी रिकामी होती आणि काकी हायवेवर इतकी सावकाश चालवत होती की ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढे जायचे. तिला त्याचं काही नव्हतं. लांज्याला थांबून आम्ही वडापाव खाल्ला. काकांनी चहात साखर मागितली, काकीने दिली नाही.

राजापूरला गौरवने गोडाऊनच्या पडवीत चारही चाकं काढून ठेवली होती. कापडाने पुसून चकचकीत केली होती. टायर खरोखरच छान होते, खाचा खोल होत्या, बाजूला कुठे चीर नव्हती. काकीने आधी टायरवरचे आकडे वाचले आणि आपल्या गाडीच्या दारावरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिले. रिमचा आकडा एक इंचाने लहान होता, पण टायर जाड, त्यामुळे चाकाची उंची जुळली. मग थर्माकोलचं झाकण चाकावर धरलं. पाचही भोकं बोल्टांच्या भोकांवर बरोबर बसली. मधलं भोकही जुळलं.

"बघा!" गौरव म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

काकी हसली. मीसुद्धा सुटकेचा श्वास टाकला. आईने आतून सरबत पाठवलं. काकी म्हणाली, "झालं की मग. मृणाली, तुझ्या भावाचे उपकार झाले. चढवूया आता."

गौरवच्या ओळखीचा एक मिस्त्री आला होता. त्याने मागची दोन चाकं चढवली, ती बसली. मग पुढचं चढवलं, नट आवळले. गाडी अजून जॅकवरच होती. काकीने चाकाला हाताने फिरवलं. ते अर्धं फिरलं आणि अडखळलं. पुन्हा ढकललं, पुन्हा फिरलं.

"खरडतंय," सदूकाका म्हणाले. ते पडवीच्या कट्ट्यावर बसले होते, चाकापासून चांगले दूर.

मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि मान डोलावली. "बरोबर बोलतायत. नव्या गाडीचा पुढचा ब्रेक मोठा आहे. चाक आतल्या बाजूने त्याला घासतंय."

काकी गुडघ्यावर बसली आणि फटीतून पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. "म्हंजे माझं झाकण खोटं पडलं," ती म्हणाली. "बोल्ट मोजले आणि आतला ब्रेक मोजायचा राहिला."

"त्यात काय एवढं," मिस्त्री म्हणाला. "मध्ये एक चकती टाकली की चाक बाहेर येईल. पुष्कळ जण टाकतात."

"आणि नटाला आटे किती उरतील?"

मिस्त्रीने बोल्टवर बोट ठेवून अंदाज घेतला. "थोडे कमी होतील," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "माझ्या स्वतःच्या गाडीला मी नाही टाकणार."

"मग माझ्या गाडीलापण नको."

गौरव हिरमुसला, पण लगेच सावरला. "हरकत नाही काकी. पुढची राहू देत, मागची दोन तर बसलीयत ना? तेवढी घेऊन जा."

मलाही ते पटलं. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाताने परत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. काकीने मात्र मागची चाकं परत उतरवायला सांगितली. भाऊ एवढं प्रेमाने देतोय आणि ही बाई चाक उलटंसुलटं करून बघतेय. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "काकी, गौरवला वाईट वाटेल."

"वायट कशाला वाटेल? माझी गाडी मासळीची. जुन्या चाकाला खारं पाणी लागणार. आत गंज किती हाय ते बगते आणि मग घेते."

तिने तारेचा ब्रश मागितला आणि बोल्टांच्या भोकांभोवतीचा गंज घासून काढला. मग रॉकेल मागितलं. रॉकेल राजापुरात आता मिळायचं कुठे? आईच्या देवघरामागच्या एका बाटलीत थोडं निघालं, दिवे गेले तर कंदिलासाठी ठेवलेलं. काकीने ते चिंधीने भोकांभोवती लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, मग कोरड्या फडक्याने पुसून घेतलं आणि वरून खडूची पूड चोळली. सगळं पांढरं झालं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. कशासाठी ते मला कळत नव्हतं.

"मिरकरवाड्याला होडीचा शाफ्ट काढला की आमचे फिटर असंच करतात," ती म्हणाली. "चीर असली की रॉकेल आत जाऊन बसतं आणि मग हळूच बाहेर येतं. खडू भिजतो."

पहिल्या चाकावर काही उमटलं नाही. दुसऱ्यावर थोड्या वेळाने, दोन भोकांच्या मध्ये, एक काळसर रेघ दिसायला लागली. केसाएवढी बारीक. आधी मला ती सावलीच वाटली. गौरवने बोटाने खडू पुसला, काकीने परत चोळला, रेघ परत आली.

गौरवने ते चाक हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "मी या चाकावर काजूच्या गोण्या भरून कोल्हापूरला गेलोय," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "शेजारच्या सीटवर पोरं होती."

काकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आणि सुखरूप आलास ना? झालं तर. आता कळलंय ते बरं."

उरलेली दोन चाकंही तिने तशीच तपासली, ती चांगली निघाली. मग ती उठली, हात पुसले आणि विचारलं, "पाचवं कुठाय?"

"पाचवं?"

"स्टेपनी. गाडीला पाच चाकं असतात ना?"

गौरव आठवून म्हणाला, "ते मी रघूला दिलं. त्याचं चाक खड्ड्यात वाकलं होतं. तो पाचलच्या रस्त्याला चिरेखाणीवर माणसं नेतो-आणतो. त्याची गाडी जुन्याच बनावटीची, त्याला ते बसलं."

"माणसं नेतो?"

"हो. सकाळी नेतो, संध्याकाळी आणतो."

काकीने सदूकाकांकडे पाहिलं. काकांनी कट्ट्यावरून उठून चपला घातल्या. मी म्हटलं, "गौरव फोन करून सांगेल ना त्याला." गौरवने फोन लावलाही, पण खाणीवर रेंज नव्हती. पाचल म्हणजे आमच्या परतीच्या वाटेच्या अगदी उलट. ऊन चढलं होतं, आईने मासे तळायला घेतले होते. काकी आईला म्हणाली, "वयनी, जेवण झाकून ठेवा. आलेच."

गौरवचे टायर काकीच्या मोठ्या रिमवर चढणार नव्हते आणि पुढे न बसणारी चाकं नुसती मागे तिला नको होती, म्हणून आपली जुनीच चाकं परत चढवून आम्ही निघालो. गौरवही आला, हौद्यात उभा राहून. खाणीवर पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. चिऱ्यांच्या थप्पीच्या सावलीत माणसं भाकरी खात होती आणि रघू गाडीखाली झोपला होता. त्याला उठवून गौरवने सगळं सांगितलं. रघू अंगाने आडवा, आवाजाने मोठा. त्याने आधी आम्हाला वेड्यात काढलं.

"गेले कित्येक महिने चालतंय चाक. तुमी रत्नागिरीवरून हे बगायला आलात?"

"राजापूरवरून," काकी म्हणाली. "जॅक हाय ना तुझ्याकडे? तू जेव, आमी काढतो."

ती खरंच पाना घेऊन बसली तेव्हा रघूला लाज वाटली आणि त्याने पाना तिच्या हातातून घेतला. चाक निघालं. पुन्हा ब्रश, पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. खाणीवरच्या लाल धुळीत पांढरा खडू फारच पांढरा दिसत होता. भाकरी खाणारी माणसं हातातला घास तसाच धरून भोवती गोळा झाली. शेवटी त्यांचंच तर चाक होतं.

आम्ही वाट पाहिली. काकीने चाक उन्हाकडे वळवलं, मग सावलीकडे. नखाने चाचपलं. पुन्हा खडू लावून पुन्हा वाट पाहिली. रेघ आली नाही. चाक ठणठणीत होतं.

रघू हसत सुटला. "मग? एवढा खटाटोप कशासाठी?"

मला वाटलं काकी ओशाळेल. पण तिचा चेहरा असा उजळला की तिला नवी चाकं मिळाली असती तरी एवढा उजळला नसता. "ह्याच्यासाठीच," ती म्हणाली. "चीर निघाली असती तर वायट झालं असतं. नाय निघाली, आता सगळे घरी जातील." तिने चाकावर थाप मारली, जशी आम्ही गाईच्या पाठीवर मारतो तशी, आणि रघूला म्हणाली, "बसव. नट समोरासमोरचे आवळ, गोल गोल नको."

खाणीवरची एक म्हातारी, गंगुबाई नावाची, पुढे आली आणि तिने काकीच्या हातावर अर्धी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी ठेवली. काकीने ती तिथेच उभ्याने खाल्ली. अर्धीतली अर्धी काकांना दिली.

परत येऊन आईकडे जेवलो तेव्हा चारचा सुमार झाला होता. निघताना काकीने गौरवला बाजूला घेतलं. "ते चिरलेलं चाक असंच भंगारात देऊ नको. कोणीतरी रंग मारून विकेल. गॅसने कापून दे."

"कापतो," गौरव म्हणाला.

परतीच्या वाटेवर, माझ्यामुळे तिचा सबंध दिवस गेला आणि हाताला काही लागलं नाही, असं मनात येत होतं. शेवटी मी तसं बोलले. काकी वळणावर लक्ष ठेवून म्हणाली, "अगो, चाकं बसत नायत हे कळलं ना? ते घरी बसून कळलं असतं? आणि तुझी आई मासे काय छान तळते." मागून सदूकाका म्हणाले, "तिखट कमी होतं." ते मागे झोपायला जागा मिळावी म्हणून हौद्यात पोत्यावर आडवे झाले होते आणि केबिनच्या खिडकीतून सगळं ऐकत होते.

नवे टायर घ्यायला काकीला थोडे दिवस लागले. तेवढे दिवस तिने बर्फ भरला नाही. जेटीवरून एक पाटी घेऊन ती एसटीने यायची. कंडक्टर वासाबद्दल कुरकुर करायचा. तिने त्याला एकदा मोदक दिले, एकदा मांदेली दिली, मग तो कुरकुरायचा बंद झाला. तेवढ्या दिवसांत आमच्या खानावळीत मासे कमी होते, पण एकही दिवस नव्हते असं झालं नाही. पुढे आधी दोन टायर आले, मग दोन. पाऊस सुरू झाला तेव्हा चारही नवे होते.

गौरवने ते चाक कापलं आणि त्याचा व्हिडिओ मला पाठवला. मी काकीला दाखवला. ठिणग्या उडताना पाहून ती काकांना सांगत राहिली, "आता मधोमध कापलं. आता दुसरी बाजू. झालं, दोन तुकडे झाले." काका समाधानाने मान हलवत होते. उरलेल्या तीन चांगल्या चाकांपैकी दोन रघूनेच नेली. त्यातली मोठी गोष्ट अशी की ती नेण्याआधी त्याने स्वतः खडू लावून पाहिला होता.

यंदा दिवाळीनंतर गौरवला दुसरी पिकअप घ्यायची होती. एकाची वापरलेली, पण बरी वाटत होती. त्याने मला फोन केला, "तायडे, काकींना विचार ना, येतील का बघायला?" मी विचारलं. काकीने खानावळींना दोन दिवस आधीच सांगून ठेवलं आणि आम्ही एसटीने राजापूरला गेलो. तिने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. सदूकाकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आईने कांदेपोहे केले. गाडीचा मालक हात जोडून उभा राहिला. काकीने पोहे खाल्ले, पाणी प्यायली आणि जांभळी साडी सावरत पोत्यावर बसून सरळ गाडीखाली डोकं घातलं. एकेक चाक फिरवून, ब्रेक दाबून, स्प्रिंगच्या पाट्यांवर हातोडी मारून बघायला तिला तासभर लागला.

आई मला हळूच म्हणाली, "ही गाडी बघायला आलीय की सून?"

काकीला ऐकू गेलं. ती गाडीखालूनच म्हणाली, "वयनी, सून एवढी बगून घेतली असती तर माझं डोकं शांत असतं."

मग ती बाहेर आली, कपाळावरचं ग्रीस मनगटाने पुसलं आणि गौरवला म्हणाली, "घे. चांगली हाय." आईने तिची ओटी भरली.